मनगटावरचा चंद्र

आपण झोपतो, असं शोधकरावांना त्यांच्या कार्यालयानं ज्या सकाळी लेखी कळवलं, त्या सकाळी ते टक्क जागे होते. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. ‘गेल्या महिन्यात आपण कामाच्या वेळेत दररोज सरासरी तीन तास दहा मिनिटे गाढ झोपेत असल्याचे दिसून येते. याबाबत आपला खुलासा समाधानकारक न वाटल्यास आपणांस वाचन विभागातून हलवून तळघरातील कागदमोजणीस पाठविण्यात येईल.’ तिसऱ्यांदा त्यांनी पत्र वाचलं ते केवळ सवयीनं, चुका शोधायला. एकही चूक सापडली नाही, आणि खरं सांगायचं तर तेच त्यांना जास्त झोंबलं.

शोधकराव हे काही त्यांचं नाव नव्हे. ते एका मोठ्या छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधीची कच्ची प्रुफं वाचून त्यातल्या चुका काढणं हा त्यांचा धंदा. एकोणतीस वर्षं एकच काम केल्यावर माणसाचं नाव मागं पडतं आणि काम पुढं येतं, तसं झालं होतं. छापखाना मोठा असला तरी छापायचा काय, तर बसची वेळापत्रकं, बियाण्यांच्या याद्या, औषधांच्या बाटलीभोवती गुंडाळायच्या चिठ्ठ्या आणि कपडे धुण्याची यंत्रं कशी चालवावीत याच्या पुस्तिका. त्यामुळे लोकांना शोधकरावांची कीव यायची. ‘दिवसभर असलं रटाळ वाचायचं म्हणजे शिक्षाच की हो!’ असं कुणी म्हणालं की शोधकराव नुसते हसायचे.

कारण खरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलीच नव्हती. खिडकीजवळच्या आपल्या टेबलावर प्रूफ पसरलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिली ओळ सुरू केली, की दहाव्या मिनिटाला शोधकराव छापखान्यात नसायचेच. वेळापत्रकातली सहा पाचची गाडी सुटली की ते तीत बसलेले असत, उजवीकडच्या खिडकीशी. दवाखान्याच्या थांब्यावर दोन माणसं चढत, पाण्याच्या टाकीपाशी एक उतरे. एकदा साडेनऊला सुटणारी गाडी पुलावर नऊ वीसलाच पोचत होती. शोधकराव त्याच गाडीत होते म्हणून बरं, नाहीतर ते वेळापत्रक तसंच भिंतीभिंतीवर लागलं असतं. बियाण्यांच्या यादीत ते वाफ्यावाफ्यातून चालत आणि धुण्याच्या पुस्तिकेत साबणाच्या फेसात हात घालून बसत. या सगळ्या भटकंतीत त्यांची पेन्सिल मात्र कागदावर अचूक चुकीच्याच जागी टेकत असे. निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि हे सात महिने खिडकीपाशी वाचत काढायचे एवढंच शोधकरावांचं मागणं होतं. तळघरात खिडकी नव्हती, वाचायला काही नव्हतं. तिथं कोरे कागद मोजायचे होते.

तर या सगळ्याच्या मध्ये तो पट्टा आला. कार्यालयानं कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी म्हणून प्रत्येकाला मनगटावर बांधायचा एक काळा पट्टा वाटला. त्यात पावलं मोजली जात, नाडी मोजली जात आणि सगळी माहिती आपोआप आस्थापना विभागात जाऊन पडत असे. माणूस जागा असला की पट्ट्यावर छोटा सूर्य दिसे, झोपला की चंद्रकोर. शोधकरावांनी तो निमूटपणे बांधला. वाचताना मनगटाकडं बघायची त्यांना सवयच नव्हती, त्यामुळे महिनाभर दिवसाढवळ्या आपल्या मनगटावर चंद्र उगवतोय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

आस्थापना विभागाच्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी शोधकरावांना बसायला खुर्ची दिली.

“मॅडम, मी झोपत नाही हो. वाचतो मी.”

“ते खरंच असेल. पण पट्ट्यात वाचनच नाहीये ना,” मॅडम पडद्यावर बोट ठेवत म्हणाल्या. “हे बघा. चालणं, धावणं, पोहणं, सायकल, दोरीवरच्या उड्या आणि झोप. यातलं तुम्ही नक्की काय करता ते सांगा, मी तसं लिहून टाकते.”

शोधकरावांनी यादी दोनदा डोळ्यांखालून घातली. त्यातल्या त्यात पोहणं जवळचं वाटत होतं, पण ते त्यांना मोठ्यानं म्हणवेना.

“पट्टाच बिघडला असेल.”

“मग पट्टा बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आणा.”

कंपनीला फोन लावला तर तिथल्या गोड आवाजाच्या मुलीनं सगळी आकडेवारी तपासली आणि शोधकरावांचं मनापासून अभिनंदन केलं. इतकी शांत, सलग आणि नियमित झोप त्यांच्या पाहण्यात दुसऱ्या कुणाचीच नव्हती म्हणे. तसं पत्रही तिनं लगेच पाठवून दिलं, आणि ते शोधकरावांच्या आधी मॅडमच्या टेबलावर पोचलं.

घरी सहानुभूती मिळेल अशी शोधकरावांना थोडी आशा होती. त्यांची बायको शाळेत खेळ शिकवायची. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळी गल्ली तिला शिट्टीबाई म्हणे. पायांना भिंगरी असलेली ही बाई सलग दहा मिनिटं खुर्चीत बसलेली कुणी पाहिलेली नव्हती, आणि एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलीही नव्हती. पत्र वाचून ती उभ्या उभ्या हसली.

“अठ्ठावीस वर्षं मी काय सांगतेय? वाचायला लागलात की तुम्ही घरात नसता. आता सरकारी शिक्का बसला बघा!”

“अगं, मी असतो. ऐकत असतो तुझं सगळं.”

“हो का? मागच्या रविवारी मी म्हटलं, दूध ठेवलंय, बघा. तुम्ही काय म्हणालात?”

शोधकरावांना आठवेना.

“‘हूं’ म्हणालात. दूध उतू गेलं, गॅस विझला, खालच्या बाई वास आला म्हणून वर धावत आल्या, तेव्हा तुम्ही त्यांनाही ‘हूं’ म्हणालात.”

या ‘हूं’वर शोधकरावांचा संसार उभा होता हे खरंच आहे. ‘हूं’च्या जोरावर त्यांनी दोन वेळा घराला रंग द्यायला, एकदा फ्रिज बदलायला आणि एकदा मेहुण्याला चार महिने ठेवून घ्यायला संमती दिलेली होती. पण नवऱ्याची चेष्टा आपण करणं वेगळं आणि ऑफिसनं करणं वेगळं. जेवताना शिट्टीबाईंनी पत्र पुन्हा एकदा वाचलं, आणि ‘तळघर’ या शब्दाशी त्या थांबल्या. “नाही पाठवायचं तुम्हाला तिथं,” त्या म्हणाल्या, आणि शोधकरावांना फार बरं वाटलं.

सल्ला द्यायला वरच्या मजल्यावरचे मीटरकाका बोलवायच्या आधीच आले. त्यांनी चौतीस वर्षं घरोघरी जाऊन विजेची मीटरं वाचली होती, त्यामुळे जगातल्या कुठल्याही काट्यावर आणि आकड्यावर आपला हक्क आहे असं ते धरून चालत.

“मीटरवर भांडायचं नाही, शोधकराव. मीटरला खायला घालायचं. तुमची सरासरी कमी पडतेय. एक दिवस एवढी पावलं घाला त्यात, की झोपेचा आकडा दबून जाईल.”

“पण मी एवढं चालू कुठं?”

“तुम्ही कशाला? वहिनी आहेत ना!”

त्या शनिवारी शाळेच्या क्रीडास्पर्धा होत्या. शोधकरावांचा पट्टा शिट्टीबाईंच्या मनगटावर मैदानात गेला. बाई धावल्या, शिट्ट्या फुंकल्या, रस्सीखेचीत एका बाजूला माणूस कमी होता म्हणून स्वतः उतरल्या, आणि दोरीवरच्या उड्या कशा मारायच्या ते दाखवताना तीनशे उड्या मारल्या. संध्याकाळी पट्ट्यावर सव्वीस हजार पावलं होती. मीटरकाकांनी आकडा पाहून समाधानानं मान डोलावली.

सोमवारी शोधकरावांच्या हातात दुसरं पत्र पडलं. ‘आपण सुटीच्या दिवशी अज्ञात ठिकाणी अतिरेकी शारीरिक श्रम करीत असून त्यामुळेच कामाच्या वेळेत झोपत असल्याचा निष्कर्ष निघतो.’ सोबत एक चिठ्ठी क्रीडा समितीकडून होती. आंतरकार्यालयीन शर्यतीसाठी शोधकरावांची निवड झाली होती, आणि दोरीवरच्या उड्यांसाठी त्यांच्याकडून विशेष अपेक्षा होत्या. ज्या माणसानं शाळेत असल्यापासून कसली उडी म्हणून मारलेली नव्हती, त्याच्या वाट्याला हे यावं! हिशेब विभागातले लोक त्यांच्या पोटऱ्यांकडं निरखून बघायला लागले. शोधकराव आठवडाभर फुल पँटच्याही आत अवघडून चालत होते.

शेवटी मॅडमनी मार्ग काढला. तीन जणांची समिती नेमायची, कार्यालयाच्या डॉक्टरीणबाईंना बसवायचं, आणि समितीसमोर शोधकरावांनी प्रूफ वाचून चुका काढायच्या. पट्टा भिंतीवरच्या पडद्याला जोडायचा. सूर्य राहिला तर टेबल राहील, चंद्र आला तर तळघर. परीक्षा शुक्रवारी होती, आणि हातात चार दिवस होते.

त्या चार दिवसांत शिट्टीबाईंनी नवऱ्याचा सराव घेतला. पहिल्या दिवशी त्या दर तीन मिनिटांनी कानाशी शिट्टी फुंकायच्या. सूर्य तर राहिला, पण शोधकरावांची नाडी एकशे चाळीसवर गेली आणि खालच्या बाईंनी कुलूप लावून माहेर गाठलं. दुसऱ्या दिवशी मीटरकाकांच्या सांगण्यावरून थंड पाण्याच्या बादलीत पाय सोडून वाचन झालं. त्यानं सूर्यही राहिला नाही आणि चंद्रही आला नाही, नुसती सर्दी झाली. तिसऱ्या दिवशी शोधकरावांना आपली जुनी पद्धत आठवली.

पूर्वी छापखान्यात वाचन जोडीनं चालायचं. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम उच्चारत, आणि दुसऱ्यानं ते ऐकत प्रुफावरून पेन्सिल फिरवायची. शोधकरावांचा जोडीदार निवृत्त झाला, त्याची जागा भरलीच गेली नाही, आणि तेव्हापासून ते एकटेच मुक्यानं वाचत होते. शिट्टीबाई ते काम करायला तयार झाल्या. जेवणाच्या टेबलाशी त्या सावधानमध्ये उभ्या राहिल्या आणि पाव बनवण्याच्या यंत्राची पुस्तिका मैदानावरच्या आवाजात वाचायला लागल्या.

“झाकण नीट बसले आहे याची खात्री करा पूर्णविराम! यंत्र चालू असताना स्वल्पविराम आत हात घालू नका पूर्णविराम!”

शोधकराव ऐकत राहिले. बायकोचा आवाज आपण इतका वेळ सलग कधी ऐकला होता, ते त्यांना आठवेना. ‘आत हात घालू नका’ हे वाक्य तिनं अशा काळजीनं वाचलं, की यंत्राशेजारी उभ्या असलेल्या कुणा अनोळखी माणसाचे हात तिला दिसत असावेत. तिच्या कपाळावरची बट वाऱ्यानं हलत होती. अर्धा तास झाला, पट्ट्यावर सूर्य तसाच होता.

“जिंकलो!” शिट्टीबाई ओरडल्या. “किती चुका सापडल्या?”

त्यांनी स्वतःच मुद्दाम दहा चुका घालून ठेवल्या होत्या. शोधकरावांना तीन सापडल्या होत्या.

शोधकराव हळूच म्हणाले, “मी तुझ्याकडंच बघत होतो गं.” अठ्ठावीस वर्षांत शिट्टीबाई पहिल्यांदाच लाजल्या आणि तरातरा स्वयंपाकघरात निघून गेल्या. पण प्रश्न तिथंच राहिला. जागं राहावं तर चुका निसटत होत्या, आणि चुका धराव्यात तर चंद्र उगवत होता. चौथ्या दिवशी त्यांनी सराव केलाच नाही. दोघं गॅलरीत बसले, आणि शिट्टीबाई चक्क बारा मिनिटं बसून राहिल्या.

शुक्रवारी समितीच्या खोलीत शोधकरावांपुढं पोहण्याच्या स्पर्धांच्या नियमावलीचं प्रूफ ठेवलं गेलं. बारा पानं होती, आणि त्यात मॅडमनी मोजून वीस चुका पेरलेल्या होत्या. डॉक्टरीणबाई पडद्याकडं तोंड करून बसल्या. पडद्यावर ताटाएवढा सूर्य होता.

पहिलं पान शोधकरावांनी स्वतःच्या मांडीला चिमटे काढत वाचलं. अक्षरं दिसत होती, पण ती नुसती अक्षरंच होती. एकेक शब्द कोऱ्या कागदासारखा हाताखालून सरकत होता. आपण इथं बसल्या जागी तळघरातलंच काम करतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना एकदम रडू आल्यासारखं झालं. एकोणतीस वर्षांत त्यांनी एक पान असं वाचलं नव्हतं. चुलीत गेला तो सूर्य, असं ते मनाशी म्हणाले. मांडीवरचा हात त्यांनी काढून घेतला, पेन्सिल हलकी धरली आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

पाणी निळं होतं आणि अजून कुणी उतरलेलं नव्हतं. छताच्या काचांतून येणारं ऊन तळाशी थरथरत होतं. शोधकराव चपला काढून काठाकाठानं चालले. फरशी ओली, गार होती. पंच उंच खुर्चीवर चढून बसले, पोहणारे टोप्या सारख्या करत ओळीनं आले, दोरांनी आखलेल्या आपापल्या मार्गिकेसमोर उभे राहिले. कुठंतरी शिट्टी वाजली, आणि सगळे एकाच वेळी पाण्यात शिरले. कसलाही आवाज झाला नाही. एकटा नववा तेवढा काठावर राहिला. कोरडा ठणठणीत, हात पुढं केलेले, उडी मारायच्या तयारीत. शोधकरावांनी त्याच्या पुढ्यात पाहिलं, तिथं पाणीच नव्हतं. त्यांनी दोर मोजले. पुन्हा मोजले. मग पेन्सिल टेकवली.

“झालं?” मॅडमचा आवाज आला.

पडद्यावर चंद्रकोर होती. पन्नास मिनिटं ती तिथंच होती असं डॉक्टरीणबाईंनी गंभीरपणे सांगितलं. शोधकरावांनी प्रूफ पुढं सरकवलं आणि पेन्सिल खिशाला लावली, जाणाऱ्या माणसानं लावावी तशी.

मॅडमनी चुका मोजल्या. पुन्हा मोजल्या. “वीस पेरल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “या एकवीस आहेत. ही नवव्या पानावरची आमची नाही. ‘अंतिम फेरीत नऊ स्पर्धक एकाच वेळी उतरतील.’ मूळ मजकुरातच आहे तसं. बरोबरच आहे ना ते?”

“मार्गिका आठच आहेत, मॅडम.”

“कशावरून?”

“मोजल्या.”

“कुठं मोजल्या?”

शोधकरावांनी खाली आपल्या चपलांकडं पाहिलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी पानं उलटून तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तलावाची रुंदी वीस मीटर, प्रत्येक मार्गिका अडीच मीटर. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि पडद्याकडं, मग शोधकरावांकडं पाहिलं. “आठच होतात,” त्या म्हणाल्या.

पट्टा खोटा म्हणावा तर तो कार्यालयानंच वाटलेला, आणि शोधकरावांना झोपाळू म्हणावं तर एकवीस चुका समोर. दोन्ही राखण्यासाठी समितीला दीड तास लागला. निकालाचं पत्र संध्याकाळी मिळालं. ‘सदर कर्मचारी झोपेत असताना आपले काम समाधानकारकरीत्या पार पाडतो असे समितीच्या निदर्शनास आले आहे. सबब त्यांस निवृत्तीपर्यंत खिडकीजवळील टेबलावर कामाच्या वेळेत झोपण्याची विशेष परवानगी देण्यात येत आहे.’

टेबल वाचलं. पण काय परवानगीनं वाचलं! ऑफिस सुटायच्या आत हिशेब विभागातून तशाच परवानगीसाठी चौदा अर्ज आले, आणि शोधकराव जिन्यात दिसले की लोक मुद्दाम चवड्यांवर चालायला लागले, त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून. मान खाली घालून ते घरी आले, परीक्षेत नऊ स्पर्धकांना आठच मार्गिका निघाल्या तेही सांगितलं आणि पत्र शिट्टीबाईंच्या हातात दिलं. यावर ती काय काय बोलेल, ते सगळं त्यांनी वाटेतच ऐकून ठेवलं होतं.

शिट्टीबाई हसल्या नाहीत. “तो नववा कसा काय सापडला तुम्हाला?” त्यांनी विचारलं. “मी बावीस वर्षं मुलांना पोहायला नेतेय, मलासुद्धा नसता सापडला.”

शोधकरावांनी पिशवीतून परीक्षेच्या प्रुफाची जास्तीची, पेन्सिल न लागलेली प्रत काढून दिली. पट्टाही काढून दिला, कारण त्याच्याकडं बघवत नव्हतं. बाईंनी तो स्वतःच्या मनगटावर बांधला, चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि प्रूफ घेऊन खुर्चीच्या कडेवर टेकल्या, लगेच उठायच्या बेतानं. नियम क्रमांक एक त्यांनी मोठ्यानं वाचला. दोन पुटपुटल्या. तिसऱ्यापासून त्यांचे ओठ हलायचे थांबले.

बाहेर उजेड कमी होत होता. कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. शिट्टीबाई कधी मागं रेलल्या आणि पाय कधी खुर्चीवर घेतले, ते शोधकरावांनी पाहिलं नाही. त्यांचं लक्ष गेलं ते दुधाच्या आवाजानं.

“अगं, दूध.”

“हूं,” शिट्टीबाई म्हणाल्या.

शोधकरावांनी वाकून पाहिलं. तिच्या मनगटावर बारीकशी चंद्रकोर उगवली होती. डोळे उघडे होते, कागदावर होते, आणि चेहरा असा निवांत झाला होता की शोधकरावांना तो नवीनच वाटला. आपण रोज असे दिसत असू, आणि ही रोज इथं, बाहेर, एकटी उभी असेल, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. ते पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले, वर आलेल्या दुधाखालचा गॅस बंद केला, आणि परत येऊन तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले.

बऱ्याच वेळानं कागदावरून नजर न उचलता शिट्टीबाई म्हणाल्या, “अहो, त्या नवव्याला पुढच्या फेरीत तरी घ्यायला सांगा हो. मघापासून काठावर उभा आहे बिचारा.”

“सांगतो,” शोधकराव म्हणाले.